इंग्रजीत 'अहो' कुठे ठेवलेलं असतं?

एका वडिलांनी लिहून विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी भांडुपची, मराठी माध्यम, आठवीपासून सेमी, मग बीकॉम, आणि आता सहा महिने पवईच्या एका ऑफिसात, रोज लंडनच्या टीमशी मेल आणि कॉल. ग्रामर चांगलं आहे तिचं. तरी मॅनेजरने बोलावून सांगितलं की तुझे मेल रूड वाटतात. ज्या क्लासला घातलंय तिथले सर म्हणतात घरी मराठी बोलणं बंद करा, इंग्रजी सिरीज बघा, त्यांचं कल्चर अंगात मुरल्याशिवाय भाषा येत नाही. म्हणून वडील विचारतायत की हे खरं आहे का, आणि असेल तर आपल्या पोरीचं मराठीपण राहणार कुठे.

घरी मराठी बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश.

मी 24 वर्षं इंग्रजी शिकवतेय. सुरुवात परळच्या बाजूला एका रात्रशाळेत केली, दिवसभर काम करून आलेली मुलं, डोळे मिटत असायचे पण 'गुड इव्हनिंग टीचर' मात्र खणखणीत. मग चार वर्षं मालाडला एका कॉल सेंटरमध्ये ट्रेनर होते, आणि आता दादरला छोट्या बॅच घेते, नोकरीवाले, परदेशी जाणारे, एखाद-दुसऱ्या आजीपण असतात ज्यांना अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचंय. तर तुमच्या मुलीला जे झालंय ते मी इतक्यांना झालेलं बघितलंय की मेल न बघताही सांगू शकते त्यात काय असणार. 'सेंड मी द फाइल टुडे ओन्ली.' किंवा याचंच एखादं भावंड.

आता हे वाक्य आधी मराठीत बघा. 'फाइल आजच पाठवा.' यात उद्धट काय आहे? काहीच नाही. 'पाठव' आणि 'पाठवा', मधे फक्त एक काना, पण त्या एका कान्यात आपण समोरच्याचा सगळा मान ठेवून देतो. शिवाय आपल्याकडे 'जरा' आहे, 'तेवढं' आहे, शेवटी हलकेच लावायचं 'हं' आणि 'ना' आहे. 'तेवढी फाइल पाठवा हं जरा', किती गोड वाक्य आहे. इंग्रजीत जाताना हा काना गळून पडतो आणि पोरीला कळतही नाही की काही पडलं. तिकडे यू एकच, सेंड एकच. साहेबाला सेंड तेच शिपायाला सेंड. त्यामुळे तिने मनात 'पाठवा' म्हटलं होतं आणि लंडनमध्ये पोचलं ते 'पाठव, आत्ताच्या आत्ता'. तो 'ओन्ली' म्हणजे आपला 'च', तो तिकडे नुसता विचित्र वाटतो, खरा घोटाळा सेंडचा आहे.

मग इंग्रज माणूस मान कुठे ठेवतो? त्यांच्याकडे 'अहो' नाहीये, 'तुम्ही' नाहीये, मग काय सगळे एकमेकांना अरेतुरे करतात? नाही ना. ते मान वाक्याच्या लांबीत ठेवतात, आणि हुकमाचा प्रश्न करून ठेवतात. कुड यू सेंड मी द फाइल टुडे. आणखी वरच्या माणसाला, आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड मी द फाइल. इथे वर्गात हमखास एक हात वर येतो, मॅडम, आत्ता विचारतोय तर मग 'वॉज' कशाला, भूतकाळ कशाला? पहिली काही वर्षं मी 'असंच असतं, पाठ करा' म्हणायचे (लाज वाटते आता). मग एक दिवस माझ्या शेजारणीने दारात उभं राहून म्हटलं, 'अहो, एक काम होतं तुमच्याकडे', आणि मला एकदम लाइट लागली. होतं! काम आत्ता आहे, ती आत्ता उभी आहे, आणि म्हणतेय 'होतं'. 'मला जरा विचारायचं होतं.' आपणसुद्धा अगदी तसंच करतो, वाक्याला एक पाऊल मागे सरकवतो म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. तेव्हापासून मी 'आय वॉज वंडरिंग' शिकवताना फळ्यावर 'एक काम होतं' लिहिते आणि पाच मिनिटांत काम होतं. जे आधीपासून पोरांच्या अंगात आहे ते बाहेर काढून दाखवायचं असतं, हे मला स्वतःला कळायला सात-आठ वर्षं लागली.

आणि म्हणूनच मी म्हणते घरी मराठी बंद करू नका. मराठी बंद केलीत तर हे 'एक काम होतं' कुठून आणणार?

प्लीजबद्दल एक सांगते कारण सगळ्यांना वाटतं प्लीज लावलं की झालं. 'प्लीज सेंड द फाइल टुडे' हा अजूनही हुकूमच आहे, फक्त इस्त्री केलेला. आपल्याकडे 'कृपया'चं काय होतं आठवा, मुंबईत 'कृपया' शेवटचं कुठे ऐकलंत? प्लॅटफॉर्मवर अनाउन्समेंटमध्ये. त्यात कोणाला माया ऐकू येते का? आणि 'काइंडली डू द नीडफुल' हे तर जुन्या कचेऱ्यांमधून आपल्याकडे राहून गेलेलं इंग्रजी, आपल्या सरकारी पत्रात चालतं, आजच्या लंडनच्या तिशीतल्या मुलीला ते वाचून तिच्या आजोबांनी मेल लिहिल्यासारखं वाटेल.

यावर अभ्यास झालेत, माझ्या डोक्यातलं नाहीये हे. जेनी थॉमस नावाच्या भाषातज्ज्ञ बाईंनी 1983 मध्ये एक लेख लिहिला होता, त्यातला मुद्दा मी प्रत्येक बॅचला सांगते. ग्रामर चुकलं तर ऐकणारा म्हणतो याची भाषा कच्ची आहे. पण बोलण्याची रीत चुकली तर तो भाषेला दोष देत नाही, माणसाला देतो, म्हणतो हा माणूस उर्मट आहे. आणि यातली मेख अशी की ग्रामर जितकं चांगलं तितका हा गैरसमज जास्त. अडखळत बोलणाऱ्याला सगळे सांभाळून घेतात, तुमच्या मुलीचं ग्रामर चांगलं आहे म्हणून तिला कोणी सूट देत नाहीये! मॅनेजरने 'रूड' म्हटलं ते तिच्या स्वभावाला म्हटल्यासारखं तिला लागलं असणार, तर तिला सांगा की पोरी, स्वभावाचा काही संबंध नाही, एक काना पडलाय वाटेत.

कॉल सेंटरमधली एक गंमत सांगते, गंमत आता वाटते, तेव्हा त्यावरून मार्क कापले जायचे. गिऱ्हाइकाला मेल गेलेला नाही, तो विचारतो, सो यू डिडन्ट सेंड द मेल? आमची पोरगी म्हणते 'येस'. तो म्हणतो, ओह, यू डिड? ती म्हणते 'नो'. असं पाच वेळा. ती खोटं बोलत नव्हती हो. मराठीत 'मेल पाठवला नाही का?' ला आपण म्हणतो 'हो ना, नाही पाठवला', म्हणजे आपलं 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतं, तुमचं बरोबर आहे या अर्थी. इंग्रजीत नो हे घडलेल्या गोष्टीला असतं, घडलं नाही ना, मग नो. आपण माणसाला उत्तर देतो आणि ते घटनेला. असंच 'डू यू माइंड इफ आय पुट यू ऑन होल्ड' चं. गिऱ्हाईक म्हणायचा नो, म्हणजे काही हरकत नाही, आणि आमचा नवीन मुलगा बिचारा होल्डवर न टाकता तसाच बसून राहायचा, नाही म्हणालेत ना साहेब.

'बघू'चं प्रकरण तर याहून मोठं. 'बघते', 'प्रयत्न करते', 'जमवते' यातलं कुठलं हो आहे आणि कुठलं नाही हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणाले की सगळे समजतात लिफ्ट काही या वर्षी दुरुस्त होत नाही. तेच तुमची मुलगी लिहिते, आय विल ट्राय टु सेंड इट बाय फ्रायडे, मनात तिला माहितीये की शुक्रवारी होणार नाही, पण तोंडावर नाही म्हणायचं नसतं हे तिला लहानपणापासून शिकवलंय आपणच. तिकडचा माणूस शुक्रवारी वाट बघत बसतो. पण याचा अर्थ इंग्रज सरळ बोलतात असं अजिबात समजू नका, हा एक मोठा गैरसमज आहे. त्यांचापण 'बघू' असतोच. 'दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग आयडिया', 'आय विल बेअर इट इन माइंड', हे पुष्कळदा त्यांचे 'बघू' असतात, आणि आपली मुलं खूश होऊन घरी फोन करतात की साहेबांना आयडिया आवडली. 'नॉट बॅड' म्हणाले तर उलट शाबासकी समजायची. 'क्वाइट गुड' ब्रिटिश माणूस म्हणाला तर ठीकठाक, अमेरिकन म्हणाला तर बऱ्यापैकी चांगलं. म्हणजे आडून बोलणं दोघांकडे आहे, फक्त आडोसा वेगवेगळ्या जागी आहे. कामाच्या तारखेबाबत मात्र ते स्पष्ट ऐकायला बघतात, तिथे तिने 'फ्रायडे वोंट बी पॉसिबल, बट आय कॅन डू मंडे' एवढं लिहायला शिकावं, सुरुवातीला हात थरथरतो पण लिहावं.

एका ठिकाणी मात्र आपली भाषा जास्त श्रीमंत आहे आणि तिथेपण घोटाळा होतो. आम्ही आणि आपण. 'आम्ही सोमवारी ठरवू' म्हटलं की तुम्ही त्यात नाही, 'आपण सोमवारी ठरवू' म्हटलं की आहात. इंग्रजीत दोन्हीला वी. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं 'वी विल डिसाइड बाय मंडे', त्याच्या मनात आम्ही होतं, तिकडच्यांना आपण वाटलं, त्यांनी सोमवारी कॉल लावून ठेवला आणि इथे निर्णय होऊनही गेला होता. तर वी लिहिताना तिने मनात विचारावं, आम्ही की आपण, आणि आम्ही असेल तर सरळ 'अवर टीम इन मुंबई' लिहावं.

आता तुमच्या क्लासच्या सरांबद्दल. कल्चर अंगात मुरवा हा विचार आजचा नाहीये, त्याचा जन्मदाखला आहे. 1835 मध्ये मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या शिक्षणावर ते प्रसिद्ध टिपण लिहिलं, त्यात अगदी हेच आहे की रक्ताने आणि रंगाने भारतीय पण आवडीनिवडी, मतं, नीती आणि बुद्धीने इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा. पण गंमत बघा, त्याच्या तीन वर्षं आधी, 6 जानेवारी 1832 ला, याच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं होतं. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा माणूस, वय तेव्हा विशीच्या आसपास, आणि पेपर कसा, तर शेजारी शेजारी दोन कॉलम, एकात मराठी एकात इंग्रजी. इंग्रजी शिकण्यासाठी मराठी पुसावी लागते असं त्यांना वाटलं नाही, उलट दोन्ही एकाच पानावर मांडल्या. मला विचाराल तर शिकवायची पद्धत म्हणून मी मेकॉलेपेक्षा बाळशास्त्र्यांचे दोन कॉलम घेईन.

कॉल सेंटरमध्ये मी मेकॉलेचा प्रयोग जवळून बघितलाय. नावं बदलायची, इथली पोरगी रात्री आठ वाजता कानाला हेडफोन लावला की नॅन्सी. आम्हा ट्रेनरना सांगितलेलं की यांना बेसबॉल शिकवा, कारण अमेरिकन माणूस अंदाजे आकड्याला 'बॉलपार्क फिगर' म्हणतो, थोडं बोलून घेऊ याला 'टच बेस' म्हणतो. शिवाजी पार्कवर वाढलेली मुलं ती, 'स्टम्प्ड' आणि 'हिट फॉर सिक्स' त्यांना सांगावंच लागलं नाही, पण बेसबॉल म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ. पाठ केलं त्यांनी, शब्द कळले, त्याला माझी हरकत नाही, कामाला लागतात. पण नॅन्सी होऊन कोणाचं इंग्रजी सुधारलेलं मला दिसलं नाही. सुधारलं त्यांचं, ज्यांना फोनवर समोरचा चिडलाय की नुसता थकलाय हे ओळखता यायचं, आणि ते ज्यांच्या घरी चार माणसांत वावरायची सवय होती त्यांना आधी जमायचं.

तर मग संस्कृती लागते की नाही? लागते, पण ज्याला आपण संस्कृती म्हणून शिकवतो ती फार कमी लागते. ख्रिसमस, डॅफोडिल, फायरप्लेस, हे माहीत असलं तर छान, नसलं तर गूगल आहे. लागते ती रोजची रीत. नाही कसं म्हणायचं, मागायचं कसं, किती वेळ गप्प बसलं तर चालतं, पगार विचारायचा की नाही (नाही विचारायचा, आणि लग्न झालं का हेपण नाही, आपल्याकडे ती आपुलकी असते तिकडे चौकशी), 'हाऊ आर यू' ला गुडघेदुखी सांगायची की नाही. हे पुस्तकात धड्याच्या शेवटीसुद्धा नसतं.

शिवाय कोणाची संस्कृती, हाही प्रश्न आहेच. ब्रज काचरू म्हणून आपलेच एक काश्मिरी भाषातज्ज्ञ, त्यांनी 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली, आतलं म्हणजे ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, बाहेरचं म्हणजे आपल्यासारखे जिथे इंग्रजी दुसरी भाषा होऊन रुजली, आणि त्याबाहेर जिथे ती परकीच आहे. आपण बाहेरच्या वर्तुळात आहोत म्हणजे आपलं इंग्रजी हे चुकलेलं इंग्रजी नाही, त्याचे त्याचे नियम आहेत. 'प्रिपोन' आपण रूढ केलं, आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ अशी चार दारं असलेल्या घरातल्या माणसाला नुसतं 'कझिन' अपुरं वाटणारच, म्हणून तो 'कझिन ब्रदर' म्हणतो. चेन्नईच्या माणसाशी बोलताना बिनधास्त म्हणा. लंडनला म्हणू नका, एवढंच. माणूस बघून बोलणं बदलणं आपल्याला नवीन आहे का? आजीशी एक मराठी, रिक्षावाल्याशी एक हिंदी, आपण दिवसभर तेच करत असतो.

परीक्षावाल्यांसाठी थोडं, कारण मुलीला पुढे मास्टर्सचा विचार आहे असंही लिहिलंय. आयेल्ट्स म्हणजे परदेशी शिकायला जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा, तिच्या स्पीकिंगमध्ये 11 ते 14 मिनिटं असतात, मधल्या भागात एक मिनिट तयारी आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. माझ्याकडच्या एका मुलाला सरावात विषय आला, तुम्हाला अभिमान वाटतो असं काही केलेलं सांगा. वीस सेकंदांत संपलं त्याचं, आईवडिलांचे आशीर्वाद आणि सरांचं मार्गदर्शन, दॅट्स ऑल. तो राज्य पातळीवर मल्लखांब खेळलेला होता! पण स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करायचं नाही हे इतकं मुरलेलं. त्याला म्हटलं बढाई मारू नकोस, फक्त त्या दिवशी काय काय झालं ते मामाला सांगतोस तसं सांग, तर तीन मिनिटं थांबेना. आणि रायटिंगचं म्हणाल तर टास्क टू ला, म्हणजे निबंधाला, किमान 250 शब्द, त्यातले ऐंशी आपली मुलं 'आजच्या धकाधकीच्या विज्ञानयुगात' मध्ये घालवतात. मराठी निबंधात ते शोभतं, शाळेत मार्कही मिळतात. इथे पहिल्या परिच्छेदात मत सांगायचं, आणि मत म्हणजे स्वतःचं, मोठ्या माणसांचं नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला साहेबाची भीती नसते हो, भीती आपल्याच माणसांची असते. 'आली मोठी मडमीण', 'काय फाडफाड झाडतेय बघा', हे ऐकून गप्प झालेल्या बायका मी मोजल्या नाहीत. माझ्याकडे गिरगावच्या चाळीतल्या एक बाई यायच्या, चाळिशीच्या पुढच्या, घरी सांगितलंच नव्हतं क्लासचं, भाजी आणायला जाते म्हणून निघायच्या आणि खरंच भाजी घेऊन यायच्या, मेथीची जुडी बाकावर आणि शेजारी वही. वर्गात उत्तम बोलायच्या. मुलीच्या कॉलेजमध्ये मात्र तोंड उघडायच्या नाहीत, का, तर मुलगी हसेल. याला कुठला ग्रामरचा धडा लावणार? इंग्रजी म्हणजे आपल्याकडे नुसती भाषा नाही, कोण कुठल्या शाळेत गेलं, कोण ट्रेनमध्ये फर्स्ट क्लासने जातं, हे सगळं त्याला चिकटलेलं आहे, आणि ही आपली संस्कृती आहे, इंग्रजांची नाही. ती आधी बघावी लागते.

मुलीने काय करावं ते सांगते. एक वही करावी, तीन कॉलमची. पहिल्यात तिला जे म्हणायचंय ते मराठीत, पण 'हे मी कोणाला म्हणतेय' ते ठरवून. लंडनच्या त्या माणसाला मान द्यायचा तर सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा आत्याला म्हणशील तसं लिही. दुसऱ्यात शब्दाला शब्द इंग्रजी, मुद्दाम, म्हणजे काय गळलं ते दिसेल. तिसऱ्यात तेच, गळलेलं भरून. हे तिसऱ्या कॉलमचं साहित्य नेटवरच्या रेडीमेड वाक्यांतून घेऊ नये, लंडनच्या टीमचेच जुने मेल उघडावेत आणि ते एकमेकांकडे काही मागताना काय लिहितात ती वीसेक वाक्यं उतरवून घ्यावीत. कारण प्रत्येक ऑफिसची रीत वेगळी, एखाद्या टीममध्ये सगळे दोन शब्दांत बोलत असतील तर तिथे 'आय वॉज वंडरिंग' म्हणजे चेष्टा वाटेल. आणि मॅनेजरला विचारावं की नेमका कुठला मेल, कुठलं वाक्य. नुसतं 'रूड वाटतं' यावर कोणी काही सुधारू शकत नाही, आणि विचारताना अर्थातच, एक काम होतं तुमच्याकडे.

सिरीज बघू दे, त्यात वाईट काही नाही, फक्त त्यातल्या सारखं बोलू नये, तिथे लोक भांडायलाच एकत्र आलेले असतात.

आणि एक तुमच्यासाठी. महिन्याभरात ती घरी चहा दिल्यावर 'थँक यू आई' म्हणायला लागेल, दिवसभर म्हणून म्हणून तोंडात बसतं. आपल्याकडे घरच्या माणसाला थँक यू म्हणजे परकं केल्यासारखं, माझ्या आईने तर डबा परत घेतला होता हातातून, म्हणे एवढी पाहुणी झालीस का. तुम्ही तसं करू नका, हसूही नका, आणि पाहुण्यांसमोर 'बोल गं इंग्रजीत जरा' असंही सांगू नका. चहा झाल्यावर कप मात्र तिलाच विसळायला सांगा, मराठीत.